मदत हवी आहे: शहापूरच्या जुन्या पेठेसाठी झोनिंगमध्ये (जागावापराच्या नियमांत) नेमका कोणता बदल मागावा?

नमस्कार मंडळी. बेळगाव, शहापूर, वडगाव भागातलं कुणी नगररचनेच्या कामात असेल किंवा कुणी मास्टर प्लॅनवर (शहराच्या विकास आराखड्यावर) हरकती-सूचना दिल्या असतील, तर सल्ला हवा आहे. मजकूर लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

शहापूरच्या खडेबाजाराला लागून असलेल्या एका गल्लीत आमचं कापडाचं दुकान आहे. वडिलांबरोबर मी ते बघते. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांकडे, त्यामुळे इथली पेठ स्वतःच्या बळावर वाढली. साड्या, सोनं, भांडी. खानापूरची, चंदगडची, गोव्याकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला इथं येतात. येतात म्हणजे अजून येतात, पण त्यातली बरीच आता खानापूर रोड नाहीतर काँग्रेस रोडच्या मोठ्या शोरूमकडे वळतात. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "गाडी लावायची कुठं ओ?"

दुसरा त्रास घरांचा आहे. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे पुढं दुकान, मागं सोपा-माजघर, शेवटी परसू आणि वर माडी. रुंदी बारा-पंधरा फूट, लांबी मात्र भरपूर. कित्येक माड्यांना आता कुलूप आहे. मुलं पुण्या-बंगळूरला गेली, म्हातारी माणसं खाली राहतात. ज्यांनी पाडून नवीन बांधलं, त्यांनी नियमाप्रमाणे पुढं जागा सोडली आणि खालचा मजला पार्किंगला ठेवला. दुकानांच्या रांगेत मध्येच लोखंडी गेट आलं. अशा गेटाच्या पलीकडच्या दुकानाचं गिऱ्हाईक तुटतं, हे मी रोज बघते. बायका साड्या बघत बघत पुढं सरकतात. रांग तुटली की मागं फिरतात.

आम्ही काही दुकानदार मिळून 'बुडा'ला, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाला, निवेदन देणार आहोत. पण मागायचं काय यावर एकमत होत नाही. काही सावकार (मोठे दुकानमालक) म्हणतात, संपूर्ण पट्टा व्यापारी झोन करा आणि एफएआर (प्लॉटच्या तुलनेत किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) वाढवून द्या. काहींना भीती की नकाशाला हात लावला की रस्ता रुंदीकरण मागून येणारच, आणि दुकानाचा पुढचा भाग गेला तर उरणार काय? मला वाटतं, माडीवर राहती माणसं परत आली पाहिजेत, नाहीतर रात्री आठनंतर गल्ली ओस पडते. हे झोनिंगमधून होतं का? कोणत्या कलमाखाली मागायचं, आणि कधी? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मी आर्किटेक्ट आहे, टिळकवाडीत काम करतो. तुमच्या निवेदनात दोन वेगळ्या गोष्टी मिसळण्याचा धोका आहे, आधी त्या सोडवून घ्या.

कर्नाटकात हे सगळं १९६१ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याखाली चालतं. एखाद्याला आपल्या एका जागेचा वापर बदलून हवा असेल तर कलम १४-अ आहे. त्यात बदल जनहिताचा असावा लागतो, वर्तमानपत्रात जाहीर करून हरकतींसाठी किमान १५ दिवस द्यावे लागतात आणि सरकारची मंजुरी लागते. शिवाय कलम १८ खाली फी बसते. हा रस्ता एकेका मालकाचा. सगळी गल्ली त्या मार्गाने गेली तर प्रत्येकाची फाईल वेगळी, खर्च वेगळा, आणि रांग तुटण्याचा मूळ प्रश्न तसाच. कारण वापर "व्यापारी" झाला म्हणून पुढं सोडायची जागा आणि पार्किंग यांचे नियम बदलत नाहीत.

तुम्हाला हवंय ते नियमच बदलणं. त्यासाठी कलम १२ वाचा. मास्टर प्लॅनमध्ये काय काय असावं ते त्यात दिलं आहे. त्यात काही भाग "विशेष नियंत्रणाचे क्षेत्र" म्हणून जाहीर करण्याची सोय आहे. अशा क्षेत्रासाठी इमारतीची रेषा (रस्त्याच्या बाजूने बांधकाम कुठवर आणायचं ती हद्द), उंची, एफएआर, बांधणीची ठेवण यांचे स्वतंत्र नियम करता येतात. जुन्या पेठेला हेच लागू पडतं. मी तुमच्या जागी असतो तर एफएआरचा मुद्दा शेवटी ठेवला असता आणि इमारतीची रेषा सगळ्यात वर.

कारण साधा हिशोब बघा. चौदा फुटी जागा आहे. दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट सोडले तर आठ फूट उरतात. बाजू न सोडता बांधलं, पण तळमजल्यावर गाडी आत घ्यायची म्हटलं, तर एका गाडीलाच अडीच मीटर म्हणजे आठ फुटांहून जास्त रुंदी जाते. दुकानाला पाच-सहा फूट राहिले, त्यातून जिना काढायचा. वर कितीही एफएआर दिला तरी अशा जागेवर तो वापरता येत नाही. तो वापरायला मालक शेजारचे दोन-तीन प्लॉट घेऊन मोठा कॉम्प्लेक्स बांधतो, आणि तुमची पेठ कॉम्प्लेक्सची होते. म्हणून मागणी अशी असावी: ठरावीक रुंदीच्या आतल्या प्लॉटना पुढची व बाजूची जागा सोडण्यातून सूट, नवीन इमारत जुन्या रांगेतच बांधण्याची सक्ती, तळमजल्याचा रस्त्याकडचा भाग दुकानालाच, वर राहण्याची परवानगी, आणि प्रत्येक प्लॉटवर पार्किंग मागण्याऐवजी पैसे भरून एका सामायिक पार्किंगमध्ये वाटा. शेवटची मागणी मान्य व्हायला जवळ प्रत्यक्ष जागा दाखवावी लागेल. जागा न दाखवता सूट मागितली तर पहिल्याच बैठकीत फेटाळतील, आणि ते बरोबरही असेल.

मागची भिंत मात्र आहे तिथंच ठेवा आणि परसू मोकळाच राहू द्या. अशा लांब घरांना उजेड-वारा तिथूनच येतो, अग्निशमनाच्या दृष्टीनेही ती मोकळी जागा हवी.

प्रतिसाद २

शुद्ध व्यापारी झोन मागू नका, एवढंच सांगतो. वापर बदलला की घरपट्टीचा दर बदलतो. दुकानाच्या मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांना तो भार सोसणार नाही. मिश्र वापर मागा आणि राहत्या भागाची आकारणी राहत्या दरानेच व्हावी, हे निवेदनात स्वतंत्र वाक्यात लिहा.

प्रतिसाद ३

बेळगावात गणपत गल्लीत माझं दुकान आहे, वय साठीच्या पुढं. बाळ, तुझी तळमळ कळली. पण माड्यांना कुलूप झोनिंगमुळं लागलेलं नाही. आमच्या शेजारच्या घराच्या सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अकरा वारस आहेत, दोघं मुंबईत, एक परदेशात. खाली पागडीचा भाडेकरू, वर कुलूप. कुणी सही करत नाही, म्हणून कुणी दुरुस्ती करत नाही. उद्या सरकारने कितीही सवलत दिली तरी ती घेणार कोण? आधी तुमच्या गल्लीत अशी घरं किती ते मोजा.

धागाकर्ती

काका, हे खरं आहे. आमच्या गल्लीतही वाटणी न झालेली घरं आहेत. पण माझ्या डोळ्यासमोर काही घरं अशीही आहेत जिथं मालक एकच आहे, बांधायची तयारी आहे, आणि बांधकामाचा नकाशा नियमात बसत नाही म्हणून तो थांबला आहे. निदान त्यांच्यासाठी तरी नियम मोकळा झाला पाहिजे. दोन्ही प्रकारच्या घरांची यादी करायला घेते. १४-अ आणि कलम १२ मधला फरक आज पहिल्यांदा नीट कळला, त्याबद्दल मनापासून आभार. पण आम्ही हे द्यायचं कधी? आणि निवेदन मराठीत दिलं तर चालेल का? बरेचजण कन्नड वाचू शकत नाहीत, सह्या कशावर करतोय हे त्यांना कळायला हवं.

प्रतिसाद ४

दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो. मी निवृत्त शिक्षक, पण पूर्वी एका आराखड्यावर हरकती गोळा केल्या होत्या.

वेळ: त्याच कायद्याच्या कलम १३-ड प्रमाणे मास्टर प्लॅनची दहा वर्षांतून किमान एकदा सुधारणा करायची असते. सरकारची तात्पुरती मान्यता मिळाली की आराखडा प्रसिद्ध होतो आणि लोकांना ६० दिवस मिळतात. या मुदतीत लेखी आलेल्या सूचनांचा विचार करणं प्राधिकरणाला बंधनकारक आहे. मुदतीनंतर दिलेला कागद म्हणजे नुसतं पत्र. पण ६० दिवसांची वाट बघत बसू नका. आराखडा छापून आल्यावर रेषा हलवणं अवघड जातं. तयार होत असताना माहिती दिली तर ती नकाशात उतरण्याची शक्यता जास्त. पोच घ्या, शिक्का आणि तारीख बघून घ्या.

भाषा: संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे कुणालाही आपली तक्रार संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. त्यामुळे मराठी निवेदन तुमचा हक्क आहे. तरीही माझा आग्रह राहील की सोबत कन्नड प्रत जोडा. फाईल ज्यांच्या टेबलावरून जाणार ते ती कन्नडमध्येच वाचतील. हा प्रश्न पेठेतल्या कन्नड, उर्दू बोलणाऱ्या दुकानदारांचाही तितकाच आहे. त्यांच्या सह्या घ्या. सीमाप्रश्नाचा रंग चढला की इमारतीच्या रेषेवर कुणी बोलणार नाही.

प्रतिसाद ५

रस्त्यावर बसणाऱ्या फुलवाल्या, भाजीवाल्या, बांगडीवाल्यांचा तुमच्या मजकुरात उल्लेखच नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे टाऊन व्हेंडिंग कमिटी (शहराची पथविक्रेता समिती) असते आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. गल्लीचा आराखडा करताना त्यांची जागा आखली नाही, तर मोकळ्या केलेल्या प्रत्येक फुटावरून भांडण होईल. तुमच्या गिऱ्हाइकालाही साडीबरोबर गजरा तिथंच घ्यायचा असतो.

प्रतिसाद १ (पुन्हा)

प्रतिसाद ५ शी पूर्ण सहमत. रुंदीकरणाच्या भीतीबद्दल लिहायचं राहिलं होतं. ताई, कलम १४-ब खाली रस्त्यासारख्या कामासाठी जागा विनामोबदला सोडणाऱ्याला विकासहक्क, म्हणजे जादा बांधकामाचे हक्क, मिळतात. कागदावर चांगलं वाटतं, पण लहान प्लॉटवाल्याला ते हक्क वापरता येत नाहीत आणि विकायला गिऱ्हाईक शोधावं लागतं. म्हणून निवेदनात स्पष्ट लिहा की सध्याची इमारत रेषा हीच कायमची रेषा मानावी. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी आहे. तसं तुमच्याकडे दिवसभर जमेल असं मला वाटत नाही, चंदगडहून आलेलं कुटुंब बस्त्याची गाठोडी घेऊन फार चालणार नाही. पण लग्नसराईत ठरावीक तास करून बघता येईल, आणि त्याला मास्टर प्लॅनची वाट बघावी लागत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. फुलवाल्या मावश्यांशी बोलते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आता ठरवलंय की एफएआर मागायचा नाही, इमारतीची रेषा आणि सामायिक पार्किंग मागायचं. वडिलांना पटलंय, सावकार मंडळींना पटवायचं बाकी आहे. गल्लीतल्या प्रत्येक घराची रुंदी टेपने मोजून एक लांब नकाशा करणार आहोत, दुकानं कुठं आणि गेटं कुठं ते दाखवणारा. असा नकाशा नीट काढून देणारं, आणि निवेदनाची कन्नड प्रत तपासणारं कुणी शहापूर-वडगाव भागात असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मेहनताना देऊ.