मदत हवी आहे: सड्यावरची हिरवट फुलांची दीपकाडी नवी जात आहे का, हे कसं ठरवतात?

नमस्कार. मी राजापूर तालुक्यात राहते, शाळेत शिकवते. वनस्पतिशास्त्र कॉलेजात शिकले तेवढंच.

आमच्या घराच्या वरच्या अंगाला जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळमाथा आहे. पहिला पाऊस लागला की तिथे दीपकाडी ही कांद्यातून उगवणारी रानवनस्पती फुलते, पांढरीशुभ्र, लांब नळीची. गेली तीन वर्षं सड्याच्या पश्चिम कडेला, कातळाच्या खळग्यांत जिथे बोटभर माती साठते, तिथे मला वेगळी झाडं दिसतायत. फूल हिरवट आणि पांढरीच्या जेमतेम निम्मं. दांड्यावरची सगळी फुलं एकाच बाजूला झुकलेली. पानाची कड ओठावरून फिरवली की खरखर लागते. भिंगातून पाहिलं तर कडेला बारीक लव आहे. पांढरीच्या पानाला ती नाही. गेल्या जूनमध्ये मोजली तेव्हा ४३ झाडं होती. साळिंदराने उकरून टाकलेला एक कांदा घरी आणून उभा चिरला: आत एकावर एक पांढरे पापुद्रे, म्हणजे कंद नव्हे, खरा कांदाच.

एका जाणकारांना फोटो पाठवले. ‘दीपकाडीच आहे’ एवढं एका ओळीचं उत्तर आलं. ते मलाही माहीत आहे हो, पण कुठली?

शेजारच्या जागेत चिऱ्याची खाण सुरू झाली आहे. यंदाच्या उन्हाळ्यात ती या खळग्यांपासून दोनशे पावलांवर आली. नाव नसलेल्या झाडासाठी अर्ज तरी कुठल्या तोंडाने करायचा? नवी जात आहे हे कसं सिद्ध करतात, किती झाडं उपटावी लागतात, आणि नाव कोण देतं? ही झाडं मला पहिल्यांदा सासूबाईंनी दाखवली. त्यांचं नाव देता येईल का?

प्रतिसाद

ताई, निरीक्षण फार चांगलं आहे, विशेषतः पानाच्या कडेची लव. रंगावर मात्र विसंबू नका. दीपकाडी मोंटानमची फुलं हिरवटच असतात. उर्सुले आणि गोव्याच्या नावाची गोएन्से या जातीही आधी बाजूला काढाव्या लागतील. तुमची पांढरी ती दीपकाडी कोंकणेन्से. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५० मध्ये तिचं वर्णन केलं तेव्हा प्रजातीचं (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, जीनसचं) नाव युरोपेटॅलम दिलं होतं. पुढे बेकरने ती दीपकाडी प्रजातीत आणली, पण ‘कोंकण’ तसंच राहिलं. प्रत्येक नावामागे असं एक मूळ वर्णन आणि एक टाइप नमुना, म्हणजे ते नाव ज्याला बांधलेलं असतं तो जपून ठेवलेला नमुना, असतो. तुमचं झाड त्यांच्याशी ताडून बघायचं, फोटोंशी नाही.

झाडं उपटत सुटू नका. ४३ तर अजिबात नाही. जागेवरच निदान वीस झाडं मोजा: नळीची लांबी, बाहेरच्या तीन परिदलांची (पाकळ्यांसारख्या भागांची) टोकं किती मागे वळतात, पुंकेसर नळीत कुठे चिकटलेत, आणि पिकल्यावर बोंड व बिया. दोन-चार फुलं ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, दाबून वाळवलेल्या फुलात नळीची आतली बाजू नीट कळत नाही. साळिंदराने उकरलेला पुढचा कांदा चिरू नका, पांढरीच्या कांद्याशेजारी एकाच मातीत लावा. पुढच्या पावसातही लव आणि फुलाचा आकार तसाच राहिला तर फरक बोटभर मातीमुळे नाही एवढं तरी म्हणता येईल.

नाव द्यायला पदवी लागत नाही, प्रसिद्धी लागते. १९३५ पासून वर्णन लॅटिनमध्येच असावं लागे; १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालतं, आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) असलेल्या नियतकालिकातली पीडीएफही ग्राह्य धरतात. त्यात होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा टाइप नमुना, म्हणून एकच नमुना नेमायचा आणि तो कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) आहे ते लिहायचं. म्हणजे कांद्यासकट एकच फुललेलं झाड, तेही जागेच्या मालकाला विचारून, वनजमीन असेल तर वनखात्याच्या परवानगीने. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या जातीचा नमुना नेमून दिलेल्या संस्थेत जमा करावा लागतो. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुण्याचं कार्यालय तुम्हाला जवळचं, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही हर्बेरियम आहे. तिथल्या कोणाला तरी सोबत घ्या, एकट्याने लिहू नका.

सासूबाईंचं नाव खुशाल द्या. स्त्रीच्या नावाला लॅटिनमध्ये ‘उर्सुले’सारखा शेवट लागतो. गावाचं दिलंत तर शास्त्रीय नावात दीपकाडी नपुंसकलिंगी असल्याने ‘कोंकणेन्से’सारखं होईल. मात्र मनातलं नाव इथे लिहू नका. वर्णनाशिवाय फिरू लागलेलं नाव वैध ठरत नाही आणि पुढे घोळ करतं. सड्याचं नाव लिहिलं नाहीत ते उत्तम, कांदे खणून नेणारे असतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद, जुलै

मनापासून आभार, दादा. भर पावसात छत्री धरायला सासूबाई होत्या, वीस झाडं मोजून झाली. लव विसांच्या विसांना आहे. पण तीन फुलांची नळी पांढरीच्या लहान फुलांइतकी भरली, म्हणजे ‘निम्मं फूल’ हा माझा मुद्दा गेला. पुंकेसर हिरवटात नळीच्या वरच्या टोकाला चिकटलेत, पांढरीत मला ते खाली वाटतात. अल्कोहोलमधली फुलं उभी कापून खात्री करायची आहे. उकरलेले दोन कांदे मिळाले, तेही कुंडीत लावले. पुण्याला पत्र टाकलंय. पांढरीची बोंडं धरली आहेत, हिरवटची अजून नाहीत, दर रविवारी जाऊन बघते.