सूर्यडागाच्या आलेखात ४.२ मिलीहर्ट्झचं शिखर: हे क्रोमोस्फिअरचं (सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावरच्या थराचं) आंदोलन का?

तापीकाठ, जळगाव
६० मिमी हायड्रोजन-अल्फा (हायड्रोजनच्या लाल वर्णरेषेत बघणारी) दुर्बीण, ०.७ अँगस्ट्रॉमची पट्टी, मोनो कॅमेरा, माउंटचं (दुर्बीण फिरवणाऱ्या आधाराचं) वर्मव्हील १८० दातांचं. गच्चीवरून ११ ते १२, दर १० सेकंदांनी एक क्लिप. सूर्याच्या कडेवरच्या स्पिक्यूलचं (वर उसळणाऱ्या वायूच्या बारीक धारांचं) डोलणं मोजायचं होतं, ते काही सापडत नाही. पण एका डागाच्या गडद गाभ्याची सरासरी प्रखरता घेतली, ५ मिनिटांची चालती सरासरी वजा करून एफएफटी (कोणत्या वारंवारतेला किती आंदोलन, हे काढणारं गणित) केलं, तर ४.२ ला ठसठशीत शिखर येतं. फोटोस्फिअरचं (दृश्य पृष्ठभागाचं) ५ मिनिटांचं आंदोलन ३.३ ला हवं, गाभ्यावरच्या क्रोमोस्फिअरचं ३ मिनिटांचं ५.५ च्या आसपास. मग हे अधलंमधलं काय? ऑटो एक्स्पोजर, गॅमा बंद होतं.

भुसावळ_६५६३
भाऊ, चोर घरातलाच आहे. ८६१६४ (पृथ्वीच्या एका फेऱ्याचे सेकंद) भागिले १८०: वर्मचा (वर्मव्हील फिरवणाऱ्या स्क्रूचा) एक फेरा ४७९ सेकंदांचा, दर फेऱ्याला माउंट तसंच मागेपुढे चुकतं, म्हणजे २.१ मिलीहर्ट्झ. त्याची दुप्पट ४.२.

फ्रेम अलाइन केल्या तरी हे जात नाही. अलाइनने डाग जागेवर येतो, त्याची प्रखरता दुरुस्त होत नाही. एटॅलॉनवर (अरुंद पट्टी निवडणाऱ्या फिल्टरवर) किरण जितका तिरका, तितकी पट्टी निळ्याकडे सरकते. माउंटने डाग फील्डमध्ये मागेपुढे हलवला की दर वेळी तो जरा वेगळ्या तरंगलांबीत मोजला जातो. वर सेन्सरवरची धूळ आहेच.

२.१ चं शिखर तुमच्या चालत्या सरासरीनेच खाल्लं. ३०० सेकंदांची खिडकी त्याची शक्ती पाव करते आणि ४.२ ची १.४ पट वाढवते! नुसती सरळ रेषा वजा करून बघा. शिवाय डागापासून लांब, शांत भागाचा मोठा चौकोन घ्या. तिथल्या खऱ्या आंदोलनांचा एकमेकांशी ताळमेळ नसतो, मोठ्या सरासरीत ती विरतात. तिथेही ४.२ उरलं तर माउंटच.

पुढच्या वेळी गाइडिंग (माउंटची चूक सतत सुधारणं) लावून डाग फील्डच्या मधोमध धरा आणि पातळ पांढरी पॉलिथिन पिशवी समोर ताणून, ट्यूनिंगला हात न लावता फ्लॅट (धूळ, असमान उजेड दुरुस्त करायची एकसारख्या उजेडाची फ्रेम) घ्या. एटॅलॉन रेषेच्या मध्यावर ठेवू नका. तिथे उतार शून्य, वायूचा वेग प्रखरतेत उतरतच नाही. ५ किमी प्रतिसेकंद वेगाने रेषा जेमतेम ०.११ अँगस्ट्रॉम सरकते, ०.३ ते ०.४ बाजूला ट्यून केलं तर ती दिसायची थोडी आशा.

धुळे_सौर
स्पिक्यूलचा नाद ६० मिमीवर सोडा. या रेषेत तुमची विभेदनक्षमता २.७ आर्कसेकंद, सूर्यावर जवळपास २००० किमी. स्पिक्यूलची जाडी आणि डोलणं दोन्ही काहीशे किलोमीटरचं. दिसतो तो एक नसून झुबका असतो. जपानच्या हिनोदे उपग्रहाची ५० सेंमी दुर्बीण अवकाशातून हे करू शकली. त्या नोंदी खुल्या आहेत, सराव त्यावर करा.

आणि ११ वाजता स्लॅबवरून? तापलेल्या काँक्रीटवर प्रतिमा नुसती उकळते. साडेसात ते साडेनऊ बघा, पूर्वेला पत्र्याचं छप्पर नको. हतनूर धरणाच्या फुगवट्याचं पाणी पूर्वेला ठेवून पश्चिम काठावर उभे राहता आलं तर उत्तम. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावात आहे ती उगाच नाही.

तापीकाठ, जळगाव
सरळ रेषा वजा केली: २.१ चं शिखर वर आलं, ४.२ पेक्षा उंच. शांत चौकोनातही दोन्ही आहेत. गाइडिंग लावून परत घेतो. एक तास पुरेल ना?

भुसावळ_६५६३
पुरेल. एका तासात ०.२८ मिलीहर्ट्झपर्यंत फरक कळतो, ३.३ आणि ५.५ सहज वेगळे होतील. फक्त एटॅलॉन तापून ट्यूनिंग सरकू नये म्हणून आधी अर्धा तास दुर्बीण उन्हात ठेवा.