व्होकल पुण्यात जाऊन उतरलं, हलगी मात्र जागेवर! फाइल नक्की कशा द्यायच्या?

हलगी_आणि_हेडफोन (सोलापूर)

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात घरीच एका खोलीत रेकॉर्डिंग करतो, धंदा नाही, हौस आहे. गड्ड्याच्या यात्रेआधी आमच्या भजनी मंडळाचं एक गाणं पूर्ण करायचंय आणि मिक्सिंग पुण्यातला एक मित्र करून देतोय, तिथंच सगळा घोळ होलालाय.

मी रीपरवर, तो क्युबेसवर (दोन्ही रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर). व्होकल, पेटी, तबला मी इंटरफेसवरून (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) घेतलंय. हलगी घरात वाजवली तर अख्खी सोसायटी दारात येईल म्हणून ती होटगी रोडच्या पुढं एका मळ्यात जाऊन हँडी रेकॉर्डरवर घेतली. कोरसच्या काकू-मावशींनी कानात एक इअरफोन घालून आपापल्या मोबाइलवर गाऊन व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्यातल्या दोघींच्या पोरांनी कुठल्यातरी कन्व्हर्टर साइटवरून एमपीथ्री करून पाठवलं, कशासाठी ते देव जाणे.

माझ्या लॅपटॉपवर सगळं एकदम व्यवस्थित वाजतंय, गाणं काळी चारच्या पट्टीमधी आहे. अख्खा ऑडिओ फोल्डर ड्राइव्हवर टाकून त्याला दिला तर तो म्हणतोय व्होकल, पेटी, तबला तिन्ही खाली उतरलेत आणि गाणारा झोपेतनं उठून बसल्यासारखा संथ वाटतोय, पण हलगी बरोबर लयीत आहे, मग हलगी पुढं पळते आणि गाणं मागं राहतंय. कोरस तर कुठं बसवायचा तेच त्याला कळेना. आणि फोल्डरमधी दोनशेच्या वर फाइल, नावं सगळी तारीख-वेळेची.

आता तो म्हणतोय सगळं एमपीथ्री करून पाठव, साइजपण कमी होईल आणि भानगड मिटेल. मिटेल का? मला तर पटेना. आणि लॅपटॉपची डिस्क भरत आलीय ते वेगळंच. सांगा की ओ कुणीतरी नीट.

---

शेंगाचटणी

काय बे, फोल्डर पाठवला म्हणजे गाणं पाठवलं व्हय? कोरसची फाइल दुसऱ्या कडव्याला येते का तिसऱ्या, हे त्या फाइलला थोडीच माहीत असतंय. कुठली फाइल कुठं बसली, कुठं कापली, कुठला टेक (कितव्यांदा गायलेलं) ठेवला, हे सगळं रीपरच्या प्रोजेक्ट फाइलमधी लिहिलेलं असतंय आणि ती क्युबेसमधी उघडत नाही. तुझ्या मित्राला तू पत्त्याचा कॅट दिलास, डाव नाही दिलास.

एमपीथ्री तर अजिबात करू नको. बाकीचं मोठी माणसं सांगतील.

---

काळीचार

व्होकल उतरण्याचं कारण मला जवळजवळ शंभर टक्के सॅम्पल रेटचं (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्याचं) वाटतंय. तुमचा रीपरचा प्रोजेक्ट ४८ हजारवर असणार, हँडी रेकॉर्डर ४४.१ हजारवर असणार आणि मित्राने क्युबेसमध्ये प्रोजेक्ट ४४.१ वर उघडला असणार. म्हणजे हलगीची फाइल त्याच्या प्रोजेक्टशी जुळली, तुमच्या नाही जुळल्या.

होतं काय बघा. ४८ हजारच्या फाइलमध्ये एका सेकंदाला ४८,००० नमुने असतात. क्युबेसने ते बदलून न घेता तसेच ४४,१०० च्या गतीने वाजवले तर एका सेकंदाचा माल वाजायला सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो, गाणं लांबतं आणि सूर पण उतरतो, जवळपास दीड सेमीटोन (पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन). म्हणून तुमचं काळी चार हे काळी तीन आणि पांढरी पाचच्या अगदी मधोमध येऊन पडलं, पेटीवर कुठल्याच पट्टीला बसणार नाही असं. मित्राला ते "पसरट" वाटलं असेल तर नवल नाही.

रीपरमध्ये तुम्हाला हे कधीच दिसलं नाही कारण रीपर वेगळ्या रेटची फाइल टाकली तरी वाजवताना स्वतःच बदलून घेतो, विचारत पण नाही. सोय चांगली आहे पण त्यामुळे प्रोजेक्टमध्ये तीन प्रकारचा माल पडलाय हे माणसाला कळत नाही. क्युबेस फाइल आत घेताना विचारतो, प्रोजेक्टच्या सॅम्पल रेटला बदलू का म्हणून. ती खूण काढलेली असेल किंवा ती खिडकीच प्रेफरन्समधून बंद केलेली असेल तर फाइल आहे तशी आत येते.

खात्री करायला ट्यूनर लावू नका, भजनी मंडळाची पेटी आहे, ती आधीच थोडी इकडे-तिकडे असते आणि त्यावरून काही सिद्ध होत नाही. लांबी मोजा. तुमच्याकडे पाच मिनिटांची असलेली फाइल त्याच्याकडे ५ मिनिटं २६ सेकंद दाखवत असेल तर विषय संपला. नसेल तर दुसरं काहीतरी आहे, मग परत बोलू.

---

हलगी_आणि_हेडफोन (सोलापूर)

@काळीचार लगेच फोन लावला त्याला. व्होकलचा एक आख्खा टेक माझ्याकडं ४ मिनिटं ५० सेकंद आहे, त्याच्याकडं ५ मिनिटं १६ सेकंद! आणि क्युबेसमधी पूल (फाइलींची यादी) उघडून बघितलं तर माझ्या फाइलींसमोर ४८, हलगीसमोर ४४.१. मानलं तुम्हाला ओ.

मग आता त्यानं तिकडंच बदलून घ्यायचं का मी इकडून ४४.१ करून पाठवू? आणि कोरसचं काय?

---

मिक्सवाला_कोथरूड

मी रोज दुसऱ्यांच्या फाइल्स उघडतो त्यामुळे थोडं मिक्स करणाऱ्याच्या बाजूने लिहितो, लांब होईल, माफ करा.

त्याने पूलमधून फाइल बदलून घेतल्या तर सूर आणि लय जागेवर येईल, पण कोरस कुठे बसतो हा प्रश्न तसाच राहील, आणि दोनशे फाइलींतून तुमचा निवडलेला टेक कोणता हेही त्याला कळणार नाही. त्यामुळे तो फोल्डर विसरा. तुम्ही रीपरमधून प्रत्येक ट्रॅकची एकच सलग फाइल काढून द्या, सगळ्या गाण्याच्या शून्यापासून सुरू होणाऱ्या आणि सगळ्या एकाच लांबीच्या. कोरस तिसऱ्या मिनिटाला येत असेल तरी त्याच्या फाइलमध्ये आधीची तीन मिनिटं शांतता असू दे. मग समोरच्याने त्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नेल्या आणि सगळ्या डावीकडे शून्याला चिकटवल्या की गाणं उभं राहतं.

रीपरमध्ये सगळे ट्रॅक सिलेक्ट करून रेंडरमध्ये जा, सोर्समध्ये सिलेक्टेड ट्रॅकचे स्टेम्स (म्हणजे प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल) निवडा, बाउंड्समध्ये एंटायर प्रोजेक्ट. वेव्ह, २४ बिट, सॅम्पल रेट ४८ हजार. तिथेच खाली मोनो मीडिया असलेले ट्रॅक मोनोतच काढायची एक खूण आहे ती करा, नाहीतर एका माइकवर घेतलेला आवाज उगाच स्टिरिओ होऊन दुप्पट जागा खातो. नॉर्मलाइज (आवाजाची पातळी आपोआप वाढवणं) करू नका. रिव्हर्ब (घुमारा), कॉम्प्रेसर असे इफेक्ट बंद करून कोरडा आवाज द्या. तुम्हाला एखादा रिव्हर्ब फारच आवडला असेल तर तो वेगळ्या फाइलमध्ये द्या, मी तरी ऐकून घेतो (आणि बहुतेक वेळा वापरत नाही, पण ते सांगत नाही).

ट्रॅकची नावं रेंडर करण्याआधी बदला. "व्होकल मुख्य", "हलगी डावी", "कोरस एक" एवढं पुरे. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" अशा फाइली बघितल्या की माझा दिवस खराब जातो. गाण्याची लय मेट्रोनोमवर असेल तर बीपीएम (मिनिटाला किती ठोके) लिहून द्या, आणि तुमचं एक कच्चं मिक्स एमपीथ्रीमध्ये सोबत द्या. एमपीथ्रीची जागा तेवढीच, ऐकायला.

आता साइज. २४ बिट, ४८ हजार, मोनो म्हणजे मिनिटाला साधारण साडेआठ एमबी. पाच मिनिटांचं गाणं, बारा ट्रॅक, ५०० एमबीच्या थोडं वर. ड्राइव्हवर जायला ते काही जास्त नाही. नेट रडत असेल तर वेव्हच्या ऐवजी फ्लॅक काढा, गाण्यानुसार निम्म्याच्या आसपास साइज होतो आणि उघडल्यावर एकही नमुना इकडचा तिकडे होत नाही, क्युबेस पण घेतं.

---

शेंगाचटणी

४८ कशाला पण? ४४.१ नं काय घोडं मारलंय, सीडीपासून तेच चाललंय. हलगी पण ४४.१ ची आहे, मित्राचा प्रोजेक्ट पण तोच, मग सगळं तिकडंच न्यायचं की.

---

मिक्सवाला_कोथरूड

घोडं नाही मारलं. माणसाला ऐकू येतं २० हजार हर्ट्झपर्यंत, म्हातारपणी त्याच्याही खूप खाली, आणि ४४.१ मध्ये २२ हजारपर्यंतचा आवाज मावतो. ऐकून फरक सांगणारा मला अजून भेटायचाय. पण इथे बाकी सगळा माल ४८ चा आहे, एकटी हलगी ४४.१ ची. कमी फाइलींना हात लागावा हा साधा हिशोब. शिवाय यात्रेचं गाणं म्हणजे यूट्यूबवर व्हिडिओसकट जाणार आणि व्हिडिओवाले ४८ च मागतात.

इतकंच सांभाळा की फाइल एकदाच बदलली जावी. ४४.१ ची ४८ केली, मग मित्राने परत ४४.१ केली, मग व्हिडिओवाल्याने परत ४८, असा प्रवास नको. चांगल्या रीसॅम्पलरने (सॅम्पल रेट बदलणाऱ्याने) एकदा बदललेलं ऐकून कळत नाही, रीपरच्या रेंडरमध्ये रीसॅम्पल मोड वरच्या दर्जाचा निवडा म्हणजे झालं. मित्राला सांगा प्रोजेक्टच ४८ वर नवीन उघड.

---

काळीचार

कोरसबद्दल राहिलं. ज्या दोन फाइली एमपीथ्री होऊन आल्या त्या वापरू नका, त्या मावश्यांकडून मोबाइलमधली मूळ फाइल परत मागवा. मूळ रेकॉर्डिंग बहुतेक एमफोरए असेल, म्हणजे आधीच दाबलेलं, त्यावरून एमपीथ्री म्हणजे दुसऱ्यांदा दाबलं. पण आवाज खराब होण्यापेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त खटकते. एमपीथ्री करताना एन्कोडर (फाइल दाबणारं सॉफ्टवेअर) सुरुवातीला थोडी शांतता घुसवतो, उघडणाऱ्या सॉफ्टवेअरने ती कापली नाही तर फाइल साधारण २५ मिलिसेकंद, कधी त्याहून जास्त मागे सरकते. एकट्या गाण्यात कळणार पण नाही. पण टाळ आणि हलगीसोबत पाच-सहा बायका गातायत आणि त्यातल्या दोघी तेवढ्याच मागे, तर कोरस चिकटत नाही, आणि मग आपण उगाच त्यांच्या तालाला नावं ठेवतो. मित्र सगळं एमपीथ्री करून पाठव म्हणतोय ना, त्याला हेच सांगा.

मागवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, फाइल जशीच्या तशी येते. व्हॉइस नोट दाबून गायलेलं मात्र ओपसमध्ये बोलण्याच्या दर्जाचं येतं, त्याला इलाज नाही, ते परतच गाऊन घ्यावं लागेल. एमफोरए आली की एकदाच वेव्ह करा. ऑडॅसिटीत उघडत नसेल तर एफएफएमपेग लायब्ररी वेगळी टाकावी लागते. वेव्ह केल्याने क्वालिटी वाढत नाही हं, काही लोकांचा तो गैरसमज असतो, पुढे आणखी बिघडत नाही एवढंच.

---

अक्कलकोट_रोड

मधेच घुसतोय, विषय जवळचाच आहे. आमच्याकडं सप्ताहात कीर्तन रेकॉर्ड करतो, हँडी रेकॉर्डर ४८ हजार २४ बिट स्टिरिओ. दोन तास झाले की फाइल आपोआप तुटून दुसरी सुरू होते, बुवांचं वाक्य निम्मं इकडं निम्मं तिकडं. रेकॉर्डर बिघडलाय का कार्ड?

---

काळीचार

दोन्ही ठीक आहेत. त्या सेटिंगला मिनिटाला १७ एमबीच्या वर जातात, म्हणजे दोन तास चार मिनिटांच्या आसपास २ जीबी होतात आणि बरेच रेकॉर्डर तिथे मुद्दाम फाइल तोडतात. साध्या वेव्हमध्ये फाइलचा आकार लिहायला जी जागा असते तिच्यात ४ जीबीच्या वरचा आकडाच मावत नाही, म्हणून ही काळजी. दुसरी फाइल पहिल्याच्या शेपटीला बरोब्बर चिकटवा, मधे क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा वर येणं) पडू देऊ नका (रीपर आपोआप टाकतो, बंद करा), वाक्य सलग ऐकू येईल. आणि कीर्तनाला मोनो चालत असेल तर मोनो घ्या, दुप्पट वेळ मिळेल.

---

हलगी_आणि_हेडफोन (सोलापूर)

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून स्टेम्स काढले, पुण्याला गेले, त्यानं ४८ वर नवीन प्रोजेक्ट उघडून शून्याला लावले आणि फोन स्पीकरवर धरून ऐकवलं, काळी चारच आहे. एका मावशीची मूळ फाइल आली, दुसरीच्या मोबाइलमधनं डिलीट झालीय, ती रविवारी घरी येऊन गाणार आहे.

आता डिस्कचं सांगा. रीपरमधी क्लीन करंट प्रोजेक्ट डिरेक्टरी म्हणून आहे ते दाबू का? नको असलेल्या फाइलींची मोठी यादी दाखवतंय.

---

मिक्सवाला_कोथरूड

थांबा! त्या फोल्डरमध्ये दुसरी एखादी प्रोजेक्ट फाइल आहे का, जुनं व्हर्जन, दुसरं गाणं? असेल तर दाबू नका. ते फक्त आत्ता उघडलेल्या प्रोजेक्टला काय लागतं तेवढंच बघतं, शेजारच्या प्रोजेक्टच्या फाइली त्याला कचराच वाटतात.

आधी सेव्ह ॲज करा, सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची खूण तिथेच आहे, ती लावून गाणं नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये न्या. ते बंद करून परत उघडा, पूर्ण ऐका, मग तो फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाका आणि मगच जुन्याला हात लावा, तेही रिसायकल बिनमध्ये पाठवून. रीपीक्सच्या ज्या छोट्या फाइली दिसतात त्या लाटांच्या चित्राच्या आहेत, खुशाल उडवा, परत तयार होतात. हलगीचं मूळ रेकॉर्डिंग तेवढं कार्डवरून पुसू नका अजून, मळ्यात परत कोण जाणार.

---

शेंगाचटणी

मी जाईन की, हुरडा असला तर.