उघडलेली दुर्मीळ व्हिस्की सांगलीच्या उन्हाळ्यात कशी टिकवायची?

प्रश्न: ७५० मिलीच्या बाटलीत तिसरा हिस्सा उरलाय. हा माल आता बनतच नाही. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. फ्रीज की व्हॅक्यूम पंप?

उत्तर १: दोन्ही नको. पंप हवेबरोबर वासही ओढतो. खरा घोळ बाटलीतल्या रिकाम्या जागेचा, तिथला ऑक्सिजन चव मारतो. १०० मिलीच्या दोन आणि ५० ची एक अशा तपकिरी काचेच्या बाटल्या घ्या, धुऊन खडखडीत वाळवा आणि भरा. वर जेमतेम बोटाच्या पेराएवढी जागा सोडा. काठोकाठ भरली तर उन्हाळ्यात फुगून झाकणातून पाझरते. रबरी बूच नकोच, वास लागतो. आतून पॉलिथिनचा कोन, म्हणजे बाटलीच्या तोंडात घट्ट बसणारं शंकूसारखं अस्तर, असलेलं झाकण बघा.

उत्तर २: झाकणावर पॅराफिल्म (मेणासारखी ताणणारी पातळ पट्टी) ताणून गुंडाळा, उन्हाळा सरला की तपासा, तडकते. बाटली उभीच ठेवा. आडवी ठेवली तर अल्कोहोल बूच खातं. बुचाचा भुगा आत पडलाच तर कॉफी फिल्टरमधून गाळा.

उत्तर ३: मूळ बाटलीच ठेवायची तर रिकाम्या जागेत आर्गॉन, म्हणजे चवीला धक्का न लावणारा वायू, भरा. हवेपेक्षा जड, म्हणून व्हिस्कीवर बसून ऑक्सिजन दूर ठेवतो, पण हळू सोडा. जोरात मारला की हवेत मिसळतो, पैसे वाया. बाटली उघडली की पुन्हा भरायचा. आणि स्लॅबखालच्या खोलीत नको, तळमजल्यावरचं अंधारं कपाट बरं.