मळमळ सोसा, पण पोटदुखी नाही

वर एकांनी लिहिलंय की सेमाग्लुटाइडच्या (मधुमेहासाठी आणि वजन कमी करायला देतात ते औषध) इंजेक्शनाने मळमळ होतेच, थोडं सोसलं की शरीर सरावतं. मळमळीपुरतं खरं आहे. जेवल्यावर आतड्यातून पाझरणाऱ्या जीएलपी-१ संप्रेरकासारखं हे औषध काम करतं. भूक कमी होते, जठरातलं अन्न सावकाश पुढे सरकतं. पण दादरच्या माझ्या मावशीच्या पोटात पाणीसुद्धा टिकेना, लघवी गडद झाली, तरी ती 'औषध लागू पडतंय' म्हणत बसली होती. शेवटी सलाईन लावावं लागलं.

वरच्या पोटात न थांबणारी कळ येऊन पाठीत जात असेल तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. ॲसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका. केईएम, सायन, जे हॉस्पिटल जवळ असेल ते रात्रीच गाठा, पुढचं इंजेक्शन थांबवा.

सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) असेल तर साखर घसरू शकते. त्यांचा डोस डॉक्टरांकडून आधीच तपासून घ्या. आणि ओळखीच्या केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय कृपया घेऊ नका. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइड ग्रंथीच्या कॅन्सरचा एक प्रकार) झाला असेल तर हे औषध चालत नाही. ते काउंटरवर कोण विचारणार?

ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा, उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं.