आईच्या आधारवर तिसरं सिम निघालंय, बायोमेट्रिक लॉक केलं तर रेशन अडकेल काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातला, कामाला बेळगावात उद्यमबागला असतो. 2023 ला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2000 मिळणार म्हणून आई जवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडं अर्ज भरायला गेली होती, त्यानं आधारची दोन झेरॉक्स ठेवून घेतली, वर मोबाईलमध्ये फोटो पण काढला, आणि एका कन्नड फॉर्मवर सही घेतली. आईला कन्नड बोलता येतंय, आयुष्य गेलंय बाजारात, पण वाचता येत नाही. काय लिहिलंय म्हणून तिनं विचारलं तर म्हणाला सगळ्यांचं असंच असतंय मावशी, करा सही. त्या फॉर्मची कॉपी पण आमच्याकडं नाही.

गेल्या आठवड्यात संचार साथीवर (आपल्या नावावर किती सिम आहेत ते दाखवणारी सरकारी वेबसाईट) आईचा नंबर घालून बघितलं तर तिच्या नावावर तीन सिम. एक तिचं, एक मी वापरतो ते, तिसऱ्याचे शेवटचे चार आकडे घरात कुणालाच ओळखीचे नाहीत. लगेच 'हा माझा नंबर नाही' म्हणून रिपोर्ट केलं, रिक्वेस्ट नंबर आलाय. त्या माणसानंच केलं असं मी म्हणत नाही, पुरावा नाही माझ्याकडं, पण आईचा कागद किती हातातून फिरला असेल ह्याचा विचार करून झोप लागंना झालीय.

आता अडचण अशी की बायोमेट्रिक लॉक करावं (म्हणजे आधारवर अंगठ्यानं ओळख पटवणं बंद करून ठेवावं) म्हटलं तर आधारला जोडलेला नंबर भावाचा जुना, तो कधीच बंद झालाय, म्हणजे ओटीपी येणार कुठं? आणि लॉक झालं तर रेशनचं काय? आधीच तिचा अंगठा शेतात राबून झिजलाय, दुकानात पदराला पुसून पुसून तीन-चार वेळा लावते तेव्हा मशीन घेतंय, मागं लाईन थांबलेली असते, ती एवढंसं तोंड करून उभी राहते. तिला आणि त्रास नको.

दुसरं विचारायचं ते कायद्याचं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे की माहिती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय पाहिजे, म्हणजे मराठीत पण. आमच्या भागात ह्याला किती किंमत आहे ते सांगायला नको. पण नियम आले नोव्हेंबर 2025 ला आणि हे कलम लागू व्हायला 18 महिने, म्हणजे मे 2027. तोवर आईचा फोटो त्याच्या मोबाईलमधून काढून टाक म्हणून कुठल्या जोरावर सांगू? कुणी असं लेखी मागितलंय काय? सांगा की ओ.

---

प्रतिसाद १: दादा, आधी आधार केंद्रात आईला घेऊन जाऊन चालू नंबर जोडा. जुन्या नंबरचा ओटीपी लागत नाही, कागदपण लागत नाही, तिथं अंगठा देऊन काम होतंय. मग आधारच्या वेबसाईटवर मागच्या सहा महिन्यात आधार कुठं कुठं वापरलं ते दिसतंय, ते पहिलं बघा. लॉक केल्यावर रेशनवर अंगठा चालणार नाही हे खरं, त्या दिवशी थोड्या वेळासाठी उघडायचं, ओटीपी येत असेल तर अवघड नाही. इथनं पुढं झेरॉक्स द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आधारच्या हेल्पलाईनला, 1947 वर, मराठीत पण बोलतात. पैसे गेले असतील तर मात्र लगेच 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाईन.

धागाकर्ता: मनापासून आभार ताई. शनिवारी सुट्टी आहे, आईला घेऊन केंद्रात जातो. आईला सांगितलं तर पहिलं विचारलं, अंगठा माझा आणि चावी तुझ्या मोबाईलमध्ये का? बरोबर आहे तिचं, म्हणून नंबर तिचाच जोडणार आणि उघडबंद करायला तिलाच शिकवणार. त्या झेरॉक्सवाल्याला द्यायचा अर्ज मराठीत कुणी लिहिला असेल तर नमुना इथं टाका, कन्नडमधला असला तर तोही चालेल, दोन्ही जोडून देईन.