पीएचक्यू-९ अरबीत: नवव्या प्रश्नाला सगळ्यांचंच शून्य कसं?

सांगलीची_मस्कतात
नमस्कार मंडळी. मी नर्स, मस्कतमध्ये अकरा वर्षं. यंदापासून डायबेटिसच्या पेशंटकडून पीएचक्यू-९ भरून घेतोय. नैराश्याचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, बेरीज १० किंवा वर गेली की डॉक्टरांकडे पाठवायचं. अरबी फॉर्म तयारच मिळाला. भाषा बातम्यांसारखी शुद्ध.

परवा साठी ओलांडलेली एक बाई आली. लिहिता-वाचता येत नाही. मुलीने वाचलं, आईने उत्तरं दिली, बेरीज ४. मुलगी औषधं आणायला गेली आणि मी बीपी बघत होते, तर बाईने छातीवर मूठ दाबली. "दीक, दीक." आतून आवळल्यासारखं होतं, रात्र रात्र झोप नाही. मग मघाशी का नाही सांगितलंत? म्हणाली, त्यात "यअस" विचारलंय, मुसलमान बाईने देवाच्या दयेवरची आशा सोडली म्हणायचं का? आणि नववा प्रश्न, मेलेलं बरं असं वाटतं का, तो मुलीने पुरा वाचण्याआधीच "अस्तगफिरुल्ला", देवा क्षमा कर!

माझ्याकडच्या चाळीस फॉर्मांत नवव्याला चाळीस शून्यं. डॉक्टर म्हणतात, इथे असलं काही नसतंच. मला पटत नाही. प्रश्न बोलीत फिरवून मीच विचारले तर चालेल का?

जोगळेकरीण
फिरवू नका, ताई. तुम्ही एक शब्द वापराल, दुपारच्या पाळीची सिस्टर दुसरा, आणि त्या १० ला काही अर्थ उरणार नाही. फॉर्म आहे तसा भरून घ्या. मग चार-पाच जणींना एकेक प्रश्न घेऊन विचारा, "यातून तुम्हाला काय कळलं?" जे शब्द त्या वापरतील ते टिपून ठेवा. फॉर्म बदलायचाच तर या वहीवरून, आणि बदलल्यावर पुन्हा तपासून.

मी जॉर्डनला, अम्मानमध्ये सीरियन निर्वासितांसोबत दोन वर्षं होते. तिथे उदास कुणीच नसायचं. "कल्बी मकबूद" असायचं, काळीज मुठीत धरल्यासारखं. नाहीतर "नफ्सी ताबाना", जीव थकलाय. आता हे "ताबान" थकव्यालाही चालतं, आजाराला आणि मनालाही. अरबीचं परत मूळ भाषेत भाषांतर करून तपासलं की "थकलेली" असं परत येतं, आणि कागदावर सगळं ठीक.

अरबी पीएचक्यू-९ सौदीत तपासून झालाय, २०१७ चा पेपर आहे. पण तो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर. तुमची बाई जन्मली तेव्हा ओमानात शाळा होत्या तीन, त्याही मुलग्यांच्या. तिला शुद्ध अरबी म्हणजे आपल्या आजीला मंत्रालयाचा जीआर.

आणि नवव्यात दोन प्रश्न कोंबलेत: मेलेलं बरं वाटणं आणि स्वतःला इजा करावीशी वाटणं. पोटच्या मुलीसमोर कोण हो म्हणेल? वाचणारं माणूस आधी बदला.

दुबई_डीटीपी
डॉक्टरकीतलं कळत नाही, पण असा एक फॉर्म मी टॅबवर चढवलाय. अरबी उजवीकडून वाचतात म्हणून रकाने उलटवले, गुण मात्र डावीकडून ० ते ३ तसेच राहिले. "कधीच नाही"ला ३! पहिल्या दिवशी ठणठणीत माणसं २७ घेऊन बाहेर. शिवाय त्यांचा पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. ताई, ती चाळीस शून्यं शून्यंच आहेत ना?

सांगलीची_मस्कतात
😄 शून्यंच हो, ३ च्या वर खूणच नाही तिथे. पहिल्या वर्षी मात्र ५ युनिट इन्सुलिन मी शून्य वाचलं होतं, सोबतच्या सिस्टरने वाचवलं.

आज सोबत आलेल्या मुलींना आधीच फार्मसीत पिटाळलं आणि ओमानी सिस्टरला वाचायला बसवलं. तीन बायका झाल्या. दोघींचं शून्यच. तिसरी नवव्याला थांबली, दाराकडे बघितलं, आणि म्हणाली, "स्वतःला काही करणार नाही मी. पण अल्लाहने नेलं तर बरं." आम्ही तिला त्याच पावली डॉक्टरांकडे नेलं.

जोगळेकरीणताई, वही घातलीय. रमजानात काय करता? फॉर्मात मागच्या दोन आठवड्यांची झोप आणि भूक विचारायची, तर तेव्हा सगळ्यांचीच उलटीपालटी असते.